कोमट पाणी आणि मिनिटभर जगणारे प्रथिन

पावसाळा लागला की ठाण्यातल्या सोसायट्यांमध्ये लिफ्टशेजारी 'पाणी उकळून प्या' अशी सूचना लागते. घरी मात्र पुष्कळदा ते बोटाला सोसवेल इतकेच तापते, म्हणजे फार तर ४५ अंश. चटका बसला की जंतू मेले, हा समज. आतड्यात राहणाऱ्या आणि सांडपाण्यातून पाण्यात येणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूला चटका बसतो खरा, पण तो मरत नाही, तयारीला लागतो.

त्याच्याकडे सुमारे ४,३०० जनुके असतात. ती वाचून आरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्यासाठीची जनुकाची नक्कल, बनवते आरएनए पॉलिमरेज. वाचायला कुठून सुरुवात करायची, हे त्याला सांगते सिग्मा घटक नावाचे प्रथिन. रिक्षा तीच, पण पत्ता सांगणारा बदलला की वागळे इस्टेटऐवजी घोडबंदरला वळते, तसे. रोजच्या कामाला सिग्मा-७०, उष्णतेत सिग्मा-३२.

खरी गंमत पुढे आहे. सिग्मा-३२ एरवीही बनत असतो, पण त्याचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मा नष्ट व्हायला लागणारा वेळ, जेमतेम मिनिटभर. डीएनएके आणि डीएनएजे ही मदतनीस प्रथिने त्याला धरतात आणि पेशीपटलातले एफटीएसएच हे प्रथिने तोडणारे विकर (एन्झाइम) त्याचे तुकडे करते. तापमान ३० वरून ४२ अंशांवर गेले की त्याच्या एम-आरएनएची (त्याच्या जनुकाच्या नकलेची) घडी सैल होते, प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमला बसायला जागा मिळते आणि सिग्मा-३२ जास्त बनू लागतो. त्याच वेळी पेशीतली बाकीची प्रथिने उलगडायला, म्हणजे घडी मोडून बिघडायला लागतात. डीएनएके त्यांना सावरण्यात गुंततो आणि सिग्मा-३२ सुटतो. थोडक्यात, पेशी मुख्यतः बिघडलेली प्रथिने मोजते. म्हणून तर तापमान न वाढवता प्रथिने उलगडवणारे इथेनॉल (मद्यार्क) नुसते घातले तरी हाच प्रतिसाद मिळतो.

सुटलेला सिग्मा-३२ पॉलिमरेजला उष्माघात प्रथिनांच्या, म्हणजे बिघडलेली प्रथिने सावरणाऱ्या प्रथिनांच्या, जनुकांकडे वळवतो आणि पाचेक मिनिटांत त्यांचे उत्पादन शिगेला पोचते. त्यातले ग्रोईएल म्हणजे सात-सात घटकांच्या दोन कड्यांचे पिंप. बिघडलेले प्रथिन आत घ्यायचे, वर ग्रोईएसचे झाकण, काही सेकंद एकांतात घडी घालू द्यायची, मग बाहेर. डीएनएके पुरेसा साठला की तो पुन्हा सिग्मा-३२ला धरतो आणि उत्पादन आपोआप उतरते. अशा रीतीने ४२ अंशांना सरावलेले ई. कोलाय पुढे ५५ अंशांवरही जास्त तग धरतात.

नळाच्या पाण्यात खायला फारसे नसते. तिथे उपासमारीचा सिग्मा-एस पुढे येतो, आणि तोही पेशीला उष्णतेविरुद्ध चिवट करतो.

पातेल्याच्या तळाशी दिसणारे पहिले बारीक बुडबुडे म्हणजे विरघळलेली हवा. तेवढ्यावर गॅस बंद करू नये. पाणी खळखळा उकळू लागल्यावर पूर्ण १ मिनिट ठेवावे. इतक्या उष्णतेत मदतनीस प्रथिनेच उलगडतात, पेशीपटलही टिकत नाही. मग त्याच पातेल्यात झाकून निववावे आणि ओगराळ्याने काढावे. पेला बुडवला तर बोटांवरचे जंतू पुन्हा आत जातात.