इंदुरात मोफत बीपी तपासणी: कोणाला, कशी आणि सोबत काय न्यायचं

वय 30 किंवा त्याहून जास्त असेल तर तुम्ही पात्र. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमातल्या या तपासणीला उत्पन्नाचा दाखला लागत नाही, पैसेही पडत नाहीत. तरी रामबाग, सुदामानगरातली आपली मंडळी "ते आपल्यासाठी नसतं" म्हणून घरी बसतात, याचं फार वाईट वाटतं. बीपी वाढलेलं बहुतेकदा कळतच नाही हो, डोकंसुद्धा दुखत नाही.

आशाताई घरी आल्या तर 'सीबॅक' फॉर्म (आजारांचा धोका गुणांनी मोजणारी प्रश्नावली) भरून घेतात. नाही आल्या तर सरळ जवळच्या संजीवनी क्लिनिकमध्ये, म्हणजे वस्तीतल्या सरकारी दवाखान्यात जा. फॉर्ममध्ये वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, व्यायाम आणि आईवडील-भावंडांचे आजार यांना गुण असतात. बेरीज 4 च्या वर गेली की तपासणीत आधी नंबर लागतो. साठी गाठलेल्याला वयाचेच 4 मिळतात. तंबाखू मात्र लपवू नका.

सोबत आधार, चालू मोबाइल आणि समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा रहिवासी ओळख क्रमांक) ठेवा. 14 अंकी आभा क्रमांक (डिजिटल आरोग्य खात्याचा) ऐच्छिक आहे, तो नाही म्हणून परत फिरू नका. खरी गरज जुन्या चिठ्ठ्यांची आणि चालू गोळ्यांच्या स्ट्रिपची. "ती पांढरी, छोटी गोळी" एवढ्यावरून डॉक्टरांना काय कळणार?

आता मापाचं. एका शिबिरात आई जिना चढून आली आणि लगेच पट्टा बांधला, तोही स्वेटरच्या बाहीवरून. आकडा 168! मी थांबवलं. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, दंड उघडा करून पाच मिनिटांनी पुन्हा घेतलं, तर 146. तुम्हीही असंच सांगा, संकोच नको. आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, लघवीला जाऊन या.

140/90 किंवा वर आलं तर डॉक्टर पुन्हा मोजून निदान करतात. 180/110 च्या पुढे असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचंच. गोळ्या सुरू झाल्या की कार्ड मिळतं, ते दर महिन्याला न्यायचं. माप उतरलं ते गोळीमुळे, म्हणून आपल्या मनाने बंद करू नका. आईने केली होती, महिन्याभरात आकडा पुन्हा चढला. दिवाळीला पुण्याला लेकीकडे जायचं असेल तर तितक्या दिवसांच्या गोळ्या आधीच मागून घ्या आणि कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.