खाऱ्या हवेतला अ‍ॅम्प्लिफायर

जूनमध्ये पाऊस धरला की मालवण-वेंगुर्ल्याच्या स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठसुद्धा हवेतलं बाष्प ओढून विरघळू लागतं. खड्याच्या मिठात थोडं मॅग्नेशियम क्लोराइड असतं, ते तर ३३ टक्क्यांनाच भिजतं. समुद्रावरून येणारं हेच मीठ गाडीच्या बॉनेटखालच्या प्रत्येक जोडावर बसलेलं असतं. म्हणून किनाऱ्यावर गाडीच्या स्टिरिओला वेगळा अ‍ॅम्प्लिफायर (आवाजाची ताकद वाढवणारं खोकं, थोडक्यात अ‍ॅम्प) जोडायचा तर आधी जोड बघायचे, वॅट नंतर.

तरी वॅटचा हिशोब मांडून टाकू, कारण खोक्यावरचा आकडा फसवा असतो. स्टिरिओवर ‘४ × ५० वॅट’ छापलेलं असतं. इंजिन चालू असताना गाडीत १४.४ व्होल्ट मिळतात आणि स्पीकर ४ ओहमचा. १४.४ चा वर्ग भागिले ४, म्हणजे ५१.८. झाले ५० वॅट! पण स्टिरिओ गाण्याऐवजी नुसती चौकोनी लाट, म्हणजे पुरता फाटलेला आवाज, फेकत असेल तेव्हाचे. स्वच्छ सुराला त्याच व्होल्टमधून फार तर २६ वॅट निघतात, प्रत्यक्षात १८ ते २०. भजनातल्या पखवाजाची थाप आवाज वाढवल्यावर फाटते ती इथे. अ‍ॅम्प्लिफायर बॅटरीचे १२ व्होल्ट आधी अधिक-उणे २५ व्होल्टच्या घरात चढवतो आणि मग आवाज वाढवतो, त्यामुळे त्याचे ५० वॅट खरे असू शकतात. घेताना ‘मॅक्स’ (क्षणभराची कमाल) सोडून ‘आरएमएस’ (सलग मिळणारी ताकद) वाचा.

चार स्पीकरना ५० प्रमाणे २०० वॅट. अ‍ॅम्पचे दोन प्रकार मिळतात, क्लास एबी आणि क्लास डी. जुन्या क्लास एबीची कार्यक्षमता ५५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे बॅटरीकडून सुमारे २६ अँपिअर. क्लास डी ८० टक्क्यांचा, त्याला १८ पुरतात. क्लास डीच घ्या, तापतोही कमी. बॅटरीपासून डिकीपर्यंत साधारण ५ मीटर वायर लागते. घरगुती २.५ चौरस मिमीची ओढली तर २६ अँपिअरला जवळपास ०.९ व्होल्ट वाटेतच जातो आणि २३ वॅट उष्णता गालिच्याखाली साठते. १० चौरस मिमीची घेतली की घट ०.२ वर येते.

वायर घेताना ब्लेडने एक तार खरवडून पाहा. आत चंदेरी दिसली तर ती बहुधा तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे. तिचा रोध तांब्याच्या दीडपट असतो हे एक वेळ चालेल, पण खाऱ्या ओलाव्यात तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम शेजारी आले की तिथे छोटी बॅटरीच तयार होते आणि अ‍ॅल्युमिनियम झिजून पांढरी पूड होतं. आपल्याकडे भांड्यांना कल्हई करतात तशी कथील चढवलेली तांब्याची वायर मिळते, बोटींमध्ये तीच वापरतात. चार पैसे जास्त पडतात, पण कल्हईमुळे हे तांबंही बाहेरून चंदेरीच दिसतं, म्हणून ती खरवडताना आत लाल निघते ना, एवढं बघा.

काम सुरू करताना बॅटरीची उणे तार आधी काढा. फ्यूज (क्लास डीला ३० अँपिअर) बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा. तो अ‍ॅम्पसाठी नसून वायरसाठी आहे: बॉनेटमागच्या पत्र्यातून जाताना रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी कडी) नसेल तर वायर घासून उघडी पडते आणि फ्यूज नसला की गाडी पेटते. सीटखाली पिवळ्या वेष्टनाच्या तारा दिसल्या तर त्या एअरबॅगच्या, हात लावू नका. स्टिरिओची निळी-पांढरी तार अ‍ॅम्पच्या ‘रिमोट’ला द्या, थेट बॅटरीवरून दिलीत तर अ‍ॅम्प बंदच होणार नाही आणि सकाळी गाडी ढकलावी लागेल.

आता अर्थिंग, म्हणजे अ‍ॅम्पची उणे तार गाडीच्या पत्र्याला जोडणं. निम्म्याहून जास्त तक्रारी इथल्याच. अ‍ॅम्पपासून अर्ध्या मीटरच्या आत बॉडीचा जाड पत्रा निवडा, सीटबेल्टचा बोल्ट नको. पॉलिश पेपरने रंग आणि प्रायमर काढून रुपयाच्या नाण्याएवढा पत्रा लख्ख करा. क्रिंप केलेला लग (वायरच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी), वर दातेरी वॉशर, नट घट्ट. मग सगळ्यावर व्हॅसलीनचा थर आणि बाहेरून रंग. हे शेवटचं पुण्यात विसरलं तर बराच काळ खपतं; देवगडात पुढच्या गणपतीपर्यंत लगाखाली तांबूस गंज आणि वर हिरवट पूट दिसतं. रोध वाढतो, मग अ‍ॅक्सिलरेटरबरोबर चढणारी शीळ स्पीकरमधून ऐकू येते. लोक तेव्हा अ‍ॅम्प बदलतात.

दारातला स्पीकर प्लास्टिक किंवा मरीन प्लायच्या रिंगवर बसवा. एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी) पावसाळ्यात पापडासारखं फुगतं. स्पीकरचा कोन (थरथरणारा पडदा) पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचा. काचेवरून आत गेलेलं पाणी दाराच्या तळाच्या भोकांतून निघतं, तेव्हा पत्र्याची थरथर दाबणारी डॅम्पिंग शीट चिकटवताना ती भोकं बुजवू नका.

गेन (आलेला सिग्नल अ‍ॅम्पने किती वाढवायचा ते ठरवणारी खुंटी) कानाने लावू नका. स्पीकरच्या वायरी काढा, फिल्टर बंद, बास-ट्रेबल मध्यावर, स्टिरिओचा आवाज पाऊण. १०० हर्ट्झचा सलग सूर लावून अ‍ॅम्पच्या आउटपुटवर मल्टिमीटर एसी व्होल्टला धरा. (साधे मल्टिमीटर ४०० हर्ट्झच्या वर चुकू लागतात.) ५० वॅट गुणिले ४ ओहम, त्याचं वर्गमूळ १४.१. गेन शून्यापासून हळूहळू वाढवत १४ वर थांबा.

नारळी पौर्णिमेच्या सुमारास तोच मल्टिमीटर डीसीवर घ्या. मोठ्या आवाजात अ‍ॅम्पच्या अर्थ टर्मिनलपासून बॅटरीच्या उणे टोकापर्यंत मोजा. ०.२ व्होल्टच्या वर गेला तर नट खोला, घासा, पुन्हा व्हॅसलीन.