शेखरी की भूमिज? शिखर ओळखायचं कसं

देवळाच्या शिखरावर छोट्या शिखरांची दाटी दिसली की शेखरी आणि भूमिज या शिखराच्या दोन प्रकारांत हमखास गल्लत होते. खजुराहोचं कंदारिया महादेव शेखरी. अंबरनाथचं शिवमंदिर आणि सिन्नरचं गोंदेश्वर भूमिज.

शेखरीत मुख्य शिखराला त्याच घडणीची अर्धी शिखरं चारही बाजूंनी बिलगलेली असतात. ही उरःशृंगं. एकामागे त्याहून उंच दुसरं, अशी नजर टप्प्याटप्प्याने वर चढते. कोपऱ्यांवर वेगळी शृंगं.

भूमिजात उरःशृंग नसतंच. चार बाजूंच्या मध्यावर नक्षीचा एकेक सलग पट्टा माथ्याकडे जातो, ती लता. तिच्या तळाशी गवाक्षाच्या आकाराचं मोठं शूरसेनक. दोन लतांमधल्या जागेत कूटस्तंभ, म्हणजे बुटक्या खांबावर इवलंसं शिखर. त्यांच्या आडव्या-उभ्या रांगा अगदी शिस्तीत लागतात. वर जाताना आकार घटतो, ओळ मोडत नाही. आडव्या थराला भूमी म्हणतात. मध्य प्रदेशातल्या उदयपूरच्या उदयेश्वरावर अशा सात आहेत.

मध्ययुगीन वास्तुग्रंथांतली ही नावं उभ्या देवळांशी ताडून पाहण्याचं किचकट काम कृष्णदेव आणि मधुसूदन ढांकी (1927–2016) या मंदिरवास्तूच्या अभ्यासकांनी केलं. ढांकी पोरबंदरचे, शिकले पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये, तेही भूशास्त्र आणि रसायनशास्त्र. पोथीतला शब्द दगडावर बोट ठेवून दाखवता आला पाहिजे, हा त्यांच्या कामाचा कणा. आपल्याकडे मात्र दिसेल त्या जुन्या देवळाला ‘हेमाडपंती’ म्हणून मोकळे होतात. अंबरनाथचा शिलालेख शके 982चा, म्हणजे इ.स. 1060चा, तर ज्याच्यावरून हे नाव पडलं तो यादवांचा मंत्री हेमाद्री तेराव्या शतकातला. दोनशे वर्षांचा हिशोब जुळणार कसा?

पाहताना गाभाऱ्याच्या मागे जाऊन बरोबर मध्यावर उभे राहा. समोरून मंडप आणि शुकनास, म्हणजे शिखराचा दर्शनी बाजूला पुढे आलेला भाग, आड येतात. कोपऱ्यातून पाहिलं तर लता कडेला जाते, कूटांची गर्दी समोर येते आणि भूमिजही शेखरीसारखं भासतं. देऊळ पूर्वाभिमुख असेल तर मागची बाजू दुपारनंतरच्या तिरप्या उन्हात नीट उठते. अंबरनाथसारखं शिखर वरून ढासळलेलं असेल तर बाह्यरेषेवर विसंबू नका. उरलेल्या खालच्या थरात छोट्या शिखराखाली स्वतःचा खांब आहे का, ते बघा. असेल तर भूमिज.