तीन गुण, शून्य गोलफरक आणि तरीही तळाला

14 जानेवारी 2019, शारजा. फुटबॉलच्या एएफसी (आशियाई फुटबॉल महासंघ) आशियाई चषकाच्या ए गटातला भारत-बहरीन सामना नव्वद मिनिटं संपली तेव्हा 0-0 होता. त्याच वेळी अल ऐनला अमिराती आणि थायलंड 1-1 वर अडकले होते. दोन्ही सामने तसेच संपले असते, तर तक्ता (विजयाला 3 गुण, बरोबरीला 1) असा लागला असता: अमिराती 5, भारत 4, थायलंड 4, बहरीन 2. भारताने पहिल्याच सामन्यात थायलंडला 4-1 हरवलेलं असल्यामुळे भारत दुसरा आणि थेट बाद फेरीत. पण भरपाईच्या वेळेत बहरीनला पेनल्टी मिळाली आणि तिच्यावर गोल झाला. अमिराती 5, थायलंड 4, बहरीन 4, भारत 3. दुसऱ्या क्रमांकावरचा संघ एका गोलाने चौथा झाला.

खरी गंमत पुढे आहे. भारताचा साखळीतला हिशेब होता 3 गुण, 4 गोल केले, 4 स्वीकारले. डी गटातल्या व्हिएतनामचेही 3 गुण होते, पण 4 गोल करून त्यांनी 5 स्वीकारले होते. म्हणजे भारताचे आकडे सरस. तरी भारत घरी आला आणि व्हिएतनाम उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला. कारण व्हिएतनाम आपल्या गटात तिसरा होता, भारत चौथा. प्रत्येक गटातले पहिले दोन थेट पुढे जात होते, शिवाय सहा गटांतल्या तिसऱ्यांपैकी सरस चार. वेगवेगळ्या गटांतल्या संघांची तुलना फक्त तिसऱ्या क्रमांकावरच्या संघांमध्ये होते. चौथ्याला त्या रांगेत उभंच राहता येत नाही.

यात अन्याय शोधण्यापेक्षा रचना समजून घेतलेली बरी. साखळी फेरी हे नियमांवर चालणारं गणित आहे, आणि त्याची मूळ अडचण अशी की मैदानावरच्या संघांनाही बेरीज-वजाबाकी येते. गेल्या पन्नास वर्षांतले बहुतेक नियमबदल त्या अडचणीवर लावलेली ठिगळं आहेत.

आधी गटात चारच संघ का, ते पाहू. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचं, तर तीन संघांचे 3 सामने होतात, चारांचे 6, पाचांचे 10. तीन किंवा पाच संघ असले की प्रत्येक वेळी एक जण रिकामा बसतो. चार संघांत कोणी बसून राहत नाही, सहा सामने तीन फेऱ्यांत नीट बसतात आणि हजारो मैलांवरून आलेल्या संघाला किमान तीन सामने मिळतात. सरळ बाद पद्धतीत 32 पैकी 16 संघ पहिल्याच सामन्यानंतर विमानतळावर असते.

सहा सामने आणि प्रत्येकाचे तीन निकाल, म्हणजे एकूण 729 शक्यता. पण कोण जिंकलं हे विसरून चौघांचे गुण नुसते उतरत्या क्रमाने मांडले, तर वेगळे तक्ते उरतात फक्त 40. त्यांतून काही गोष्टी पक्क्या सांगता येतात. 7 गुण झाले की पहिल्या दोघांत जागा नक्की, कारण सहा सामन्यांत जास्तीत जास्त 18 गुण वाटले जातात आणि तिघांना सात-सात द्यायला 21 लागतील. 6 गुणांची मात्र हमी नाही: तिघांनी एकमेकांना चक्राकार हरवलं आणि चौथ्याला तिघांनीही झोडपलं, तर तक्ता 6-6-6-0. उलट टोकाला, 2 गुणांवरही दुसरं येता येतं, जर एकाने तिघांनाही हरवलं आणि उरलेल्या तिघांचे आपसातले सगळे सामने बरोबरीत सुटले तर: 9-2-2-2.

4 गुण म्हणजे अधांतरी. 1994 च्या विश्वचषकात ई गटात मेक्सिको, आयर्लंड, इटली आणि नॉर्वे या चौघांचेही 4 गुण झाले, आणि चौघांचाही गोलफरक (केलेले वजा स्वीकारलेले गोल) शून्य. केलेल्या गोलांवर क्रम लावावा लागला. नॉर्वेने एकच गोल केला होता, ते तळाला गेले आणि बाहेर पडले. इटली तिसऱ्या क्रमांकावरून कशीबशी पुढे सरकली आणि अंतिम सामन्यापर्यंत पोहोचली. 2024 च्या युरोतही (युरोपीय देशांची स्पर्धा) ई गटात चौघांचे चार-चार गुण झाले. तिथे तळाला जाण्याची पाळी युक्रेनची होती.

विश्वचषकात विजयाला 3 गुण देणं त्याच 1994 साली सुरू झालं. त्याआधी 2 मिळत. बरोबरीची किंमत तेव्हा विजयाच्या निम्मी होती, ती एक तृतीयांश झाली. सावध खेळून तिन्ही सामने बरोबरीत सोडवणारा संघ आता एक विजय आणि दोन पराभववाल्याच्या पंक्तीला बसतो. न्यूझीलंडने 2010 मध्ये तेच केलं. त्या विश्वचषकात एकही सामना न हरलेला तो एकमेव संघ, पण साखळीतच बाद. चिली मात्र 1998 मध्ये तीन बरोबऱ्यांवर दुसरा आला, कारण बाकीचे दोघे 2 गुणांवर थांबले. आपले गुण पुरेसे आहेत की नाहीत, हे बऱ्याच वेळा दुसऱ्याच मैदानावर ठरतं.

गुण समान झाले की दोन पंथ आहेत. फिफाच्या (जागतिक फुटबॉल संघटनेच्या) विश्वचषकात दीर्घकाळ गटातल्या सगळ्या सामन्यांचा गोलफरक आधी पाहिला जाई. युरोप आणि आशियाच्या स्पर्धांत आधी आपसातला निकाल पाहतात. पद्धत अशी: समान गुणांवर अडकलेले तेवढेच संघ घ्यायचे, त्यांचे एकमेकांविरुद्धचे सामने घेऊन छोटा तक्ता मांडायचा आणि त्यात गुण, मग गोलफरक, मग केलेले गोल पाहायचे. त्यानेही गुंता सुटला नाही, तरच पूर्ण गटाच्या गोलफरकाकडे वळायचं. शारजाच्या गटात याचा परिणाम स्वच्छ दिसतो. थायलंडचा गोलफरक उणे 2, बहरीनचा शून्य. तरी थायलंड दुसरा, कारण त्यांनी बहरीनला 1-0 हरवलं होतं. फिफाच्या तेव्हाच्या नियमाने दोघांची अदलाबदल झाली असती.

आपसातल्या निकालाचा नियम ऐकायला फार न्याय्य वाटतो. 2004 च्या युरोत इटलीला विचारा. शेवटच्या फेरीआधी स्वीडन आणि डेन्मार्क 4 गुणांवर होते, इटली 2 वर. इटलीने बल्गेरियाला हरवलं आणि त्या दोघांनी बरोबरी केली, की तिघांचे पाच-पाच गुण होणार. छोट्या तक्त्यात तिघांच्या सगळ्याच लढती बरोबरीच्या, म्हणून निर्णय केलेल्या गोलांवर. इटलीच्या लढती 0-0 आणि 1-1 अशा संपल्या होत्या, खात्यात एक गोल. म्हणजे स्वीडन-डेन्मार्क 2-2 किंवा त्याहून मोठ्या बरोबरीत सुटले, की इटलीने बल्गेरियावर वीस गोल केले तरी उपयोग शून्य. सामना 2-2 सुटला. स्वीडनचा बरोबरीचा गोल 89व्या मिनिटाला आला. संगनमताचा आरोप झाला, पुरावा पुढे आला नाही. आणि संगनमताची गरजही नव्हती: कोणता आकडा दोघांना तारतो, हे दोघांना ठाऊक असणं पुरेसं असतं. गोलफरकाचा नियम असता, तर इटलीला तीन गोलांनी जिंकून डेन्मार्कच्या पुढे जायची वाट निदान उघडी राहिली असती.

गोलफरकाचं दुखणं वेगळं. गटातला दुबळा किंवा आशा सोडलेला संघ ज्याच्या वाट्याला शेवटी येतो, त्याची चंगळ होते. 1978 च्या विश्वचषकात दुसऱ्या साखळी फेरीत ब्राझीलचा सामना आधी संपला, आणि अंतिम फेरीसाठी पेरूला चार गोलांनी हरवायला हवं, हे अर्जेंटिनाला मैदानात उतरण्यापूर्वीच माहीत होतं. त्यांनी सहा केले.

तरीही शेवटचे सामने एकाच वेळी घ्यायला आणखी एक लाजिरवाणा प्रसंग लागला. 1982 चा विश्वचषक, स्पेनमधलं खिहोन. अल्जीरियाने पश्चिम जर्मनीला 2-1 हरवून खळबळ उडवली होती आणि आपले तिन्ही सामने संपवून ते 4 गुणांवर होते; 5 गोल केले, 5 स्वीकारले. दुसऱ्या दिवशी पश्चिम जर्मनी-ऑस्ट्रिया. ऑस्ट्रियाचा गोलफरक अधिक 3 होता. जर्मनी एका किंवा दोन गोलांनी जिंकली, तर दोघेही पुढे; तीन गोलांनी जिंकली, तर ऑस्ट्रिया बाहेर; न जिंकली, तर जर्मनी बाहेर. दहाव्या मिनिटाला जर्मनीने गोल केला आणि पुढची ऐंशी मिनिटं चेंडू मागे-पुढे फिरत राहिला. नियम कोणीच मोडला नव्हता, म्हणून कारवाईही नाही. पुढच्या विश्वचषकापासून गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी सुरू होऊ लागले. 2022 मध्ये ई गटात 70व्या ते 73व्या मिनिटादरम्यान स्पेन आणि जर्मनी दोघेही बाहेर पडत होते, आणि जपान व कोस्टा रिका पुढे जात होते. असा थरार या वेळापत्रकामुळेच शक्य झाला.

पण हे कुलूप एका गटापुरतं आहे. 24 संघांच्या स्पर्धेत सहा गट होतात, पहिले दोन-दोन घेतले तर 12 संघ. बाद फेरीला 16 हवेत, म्हणून सहा तिसऱ्यांपैकी सरस चार घ्यावे लागतात. गटांचे सामने वेगवेगळ्या दिवशी संपतात, त्यामुळे आधी संपलेल्या गटातला तिसरा संघ हॉटेलात बसून इतरांचे निकाल मोजतो आणि शेवटच्या गटाला नेमका किती गुणांवर निभाव लागेल हे आधीच कळलेलं असतं. 2016 च्या युरोत पहिल्या गटातला अल्बानिया 3 गुणांवर असाच ताटकळला आणि बाद झाला. पोर्तुगाल तीन बरोबऱ्यांच्या 3 गुणांवर तिसरा आला, पुढे सरकला आणि शेवटी करंडक घेऊन गेला.

आकडे अगदीच जुळले की कार्डं मोजतात. 2019 च्या त्याच आशियाई चषकात व्हिएतनाम आणि लेबनॉन यांचे 3 गुण, 4 गोल केले, 5 स्वीकारले, सगळं तंतोतंत सारखं होतं. व्हिएतनामची पिवळी कार्डं 5, लेबनॉनची 7. तेवढ्यावर फैसला. त्याआधी 2018 च्या विश्वचषकात सेनेगल 6 विरुद्ध 4 कार्डांनी जपानच्या मागे राहिला. शेवटच्या सामन्यात जपान 0-1 मागे असूनही चेंडू आपसात फिरवत बसला, कारण दुसरीकडे सेनेगलही 0-1 मागे होता आणि कार्डांचा हिशेब जपानच्या बाजूचा होता. फिफाची वजावट अशी: पिवळ्याला 1, दुसऱ्या पिवळ्यामुळे मिळालेल्या लालला 3, थेट लालला 4, पिवळ्यानंतर थेट लाल मिळालं तर 5. त्यामुळे साखळीच्या शेवटच्या दिवशी पंचाशी हुज्जत घालून घेतलेलं कार्ड फार महाग पडू शकतं.

विश्वचषक 48 संघांचा करताना फिफाने 2017 मध्ये तीन-तीन संघांचे 16 गट ठरवले होते. म्हणजे शेवटच्या सामन्यात एक संघ प्रेक्षकांत आणि दोन मैदानात: खिहोनची पुनरावृत्ती नियमातच लिहून ठेवल्यासारखी. मार्च 2023 मध्ये हा बेत रद्द झाला आणि चार-चारांचे 12 गट आले. साखळीचे 72 सामने, एकूण 104. पहिले दोन आणि बारा तिसऱ्यांपैकी आठ, असे 32 बाद फेरीत. बारातून कोणत्या आठ गटांचे तिसरे येतील याच्या 495 शक्यता होतात आणि प्रत्येकीसाठी कोण कोणाशी भिडणार याचा तक्ता नियमावलीत आधीच छापलेला आहे.

सोडतीतही गणित आहे. एका गटात एकाच खंडाचे दोन संघ येऊ द्यायचे नाहीत, अपवाद युरोपचा, कारण 12 गटांत 16 युरोपीय संघ बसवायचे आहेत. चिठ्ठी निघाली की समोरच्या गटात तो संघ चालतो का, एवढंच पाहून भागत नाही. तिथे बसवल्यावर पुढच्या संघांची कोंडी होणार असेल, तर संगणक त्याला पुढच्या गटात ढकलतो. या ढकलाढकलीमुळे नियमात बसणाऱ्या सगळ्या गटरचनांना सारखी संधी मिळत नाही, हे गणितज्ञ बरीच वर्षं दाखवत आले आहेत.

2026 च्या नियमावलीत फिफाही आपसातल्या निकालाच्या पंथात गेली. एक बदल मात्र तळाशी आहे. पूर्वी कार्डांनीही फरक पडला नाही, तर चिठ्ठ्या टाकत. 1990 मध्ये आयर्लंड आणि नेदरलँड्स यांचा क्रम चिठ्ठीनेच लागला: दुसऱ्या आलेल्या आयर्लंडला रोमेनिया मिळाला आणि पेनल्टींवर जिंकून ते उपांत्यपूर्व फेरीत गेले, तिसऱ्या नेदरलँड्सच्या वाट्याला पश्चिम जर्मनी आली आणि ते 1-2 हरले. आता चिठ्ठीऐवजी फिफाची जागतिक क्रमवारी पाहिली जाते. बरोबरीत अडकलेल्यांपैकी जो स्पर्धेला येतानाच वर होता, तोच पुढे.