बर्फ ‘थंडी सोडत’ नाही

इंदुरात मे महिन्यात पन्ह्यात बर्फ टाकला की घरातलं कुणी मोठं माणूस म्हणतंच, ‘थांब, बर्फाची थंडी उतरू दे.’ पण उतरत काहीच नाही. पन्ह्यातली उष्णता बर्फात शिरते. १ ग्रॅम बर्फ ० अंशावर नुसता वितळायला सुमारे ८० कॅलरी ओढून घेतो. वितळलेलं तेच पाणी २० अंशांपर्यंत तापायला फक्त २०! म्हणूनच ० अंशाचं पाणी ओतून बर्फाइतका गारवा येत नाही. नुसतं वितळण्यात खर्च होणारी ही ‘सुप्त उष्णता’ स्कॉटिश शास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅकने १७६० च्या दशकात ग्लासगोत मोजली.

साध्या पाण्यात बर्फालगतचं पाणी गार, जड होऊन तळाशी जातं. मात्र ४ अंशांपर्यंतच. त्याहून गार पाणी पुन्हा हलकं होऊन वरच रेंगाळतं. तेव्हा चमच्याने ढवळा.