रानात राहणाऱ्यांनाही नैराश्य येते

'निसर्गाच्या कुशीत राहणाऱ्या आदिवासींना नैराश्य येत नाही' हा मेसेज वर्षानुवर्षे फिरतो. गोव्यातील केपे, सांगे, काणकोण तालुक्यांतल्या गावडा, कुणबी, वेळीप समाजांबद्दलही तेच बोलले जाते. आजार तिथेही असतो. तक्रार मात्र अनेकदा शरीराची असते: डोके जड, झोप नाही, कुळागरात (पोफळी-नारळाच्या बागेत) जावेसे वाटत नाही. 'उदास आहात का?' विचारले तर 'नाही' म्हणतात. म्हणून त्यांच्याच कोंकणीत झोप, भूक, कामातली गोडी विचारून पाहा. दोन आठवडे बिघाड टिकला तर डॉक्टरांना दाखवा. घाडीकडे (गावातल्या पारंपरिक मांत्रिकाकडे) गेल्याचे कळले तर कृपया रागावू नका, माणूस पुढचे सांगतच नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात संस्कृती वा जातीवरून भेदभाव न होता उपचार मिळण्याचा हक्क आहे, आणि समजेल अशा भाषेत माहिती मिळण्याचाही.