सिम्युलेशन म्हणतं ४०, पट्टी झुकते ४३.५

एक पोलादी पट्टी घेऊ. लांबी १ मीटर, रुंदी ५० मि.मी., जाडी १० मि.मी. एक टोक चौकटीत बोल्टने घट्ट धरलेलं, दुसरं मोकळं. मोकळ्या टोकाला १०० न्यूटन, म्हणजे साधारण दहा किलो वजनाचा भार टांगला तर ते किती खाली येईल? पोलादाचा यंग गुणांक, म्हणजे त्याच्या ताठपणाचं माप, २०० गिगापास्कल धरला की उत्तर येतं ४० मि.मी. (पट्टी स्वतःच्या वजनानेच आधी सुमारे ५.८ मि.मी. झुकलेली असते. ते बाजूला ठेवून फक्त भारामुळे वाढलेला झुकाव मोजू.) सिम्युलेशन सॉफ्टवेअरला विचारलं तर ते दशांशचिन्हापुढे हवे तितके आकडे काढून देईल. त्यातल्या कितींवर विसंबायचं, हे मात्र आपण विचारल्याशिवाय ते सांगत नाही.

जाडी कागदावर १० मि.मी. असली तरी मायक्रोमीटर लावला की कुठे ९.८ निघते, कुठे १०.२. यंत्र चालू असताना भार कमी-जास्त होत राहतो. यंग गुणांक तर बहुतेक वेळा कोष्टकातून उचललेला असतो. प्रत्येकाचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीच्या आजूबाजूचा नेहमीचा पसारा, असं धरू: भार १० टक्के, यंग गुणांक ३, जाडी २, रुंदी १ आणि लांबी ०.२ टक्के. नुसते टक्के पाहिले तर जाडीपेक्षा गुणांकाची काळजी जास्त करावीशी वाटते. पण झुकाव जाडीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो, त्यामुळे जाडीतले २ टक्के उत्तरात ६ होऊन उतरतात. लांबीचाही घनच लागतो, पण लांबी मुळात इतकी नेमकी असते की तिचे ०.६ टक्केच होतात. बाकीचे तीन जसेच्या तसे येतात.

हे पाच आकडे सरळ बेरजेने जोडायचे नसतात. चुकांचा एकमेकींशी संबंध नसेल तर एक वर जाते तेव्हा दुसरी खाली असू शकते. म्हणून वर्ग करून बेरीज: १०० + ९ + ३६ + १ + ०.३६ = १४६.३६. वर्गमूळ १२.१ टक्के. उत्तर झालं ४० मि.मी., प्रमाण विचलन ४.८ मि.मी.

या १२.१ पेक्षाही कामाची आहे ती आतली वाटणी. एकूण १४६ मध्ये भाराचा वाटा ६८ टक्के, जाडीचा २५ आणि यंग गुणांकाचा जेमतेम ६. प्रयोगशाळेत नमुने पाठवून गुणांक अगदी बिनचूक मोजून आणला, तरी १२.१ चे ११.७ होतील. उलट लोडसेल, म्हणजे भार मोजणारा सेन्सर, बसवून भाराचा पसारा १० वरून ५ टक्क्यांवर आणला तर थेट ८.४. मोजमापावर पैसे कुठे घालायचे हे या पाच ओळींच्या हिशेबातून कळतं, आणि तो हिशेब न करताच मटेरियलची चाचणी मागवणारे बरेच असतात, कारण तिचा छापील अहवाल मिळतो.

सावध माणूस म्हणेल, सगळंच वाईटात वाईट धरू. पाचही गोष्टी एकाच वेळी दोन-दोन प्रमाण विचलनांनी प्रतिकूल झाल्या तर झुकाव जवळजवळ ६० मि.मी. होतो. पण त्या स्वतंत्र असतील तर पाचही तितक्या बिघडण्याची शक्यता सुमारे १६ कोटींत एक. त्या धास्तीने पट्टी जाड करत गेलो तर वजन आणि खर्च दोन्ही उगाच वाढतात.

मात्र ‘स्वतंत्र असतील तर’ हे शब्द पुसून पुढे जाता येत नाही. समजा भार अशा दहा पट्ट्यांनी मिळून पेलायचा आहे. जाडीचा पसारा दहांच्या सरासरीत २ टक्क्यांवरून ०.६ वर येईल असं गणित सांगतं. पण दहाही पट्ट्या एकाच खेपेतल्या असतील आणि त्या दिवशी रोलरमधली फट थोडी कमी राहिली असेल, तर दहाही बारीक निघतात. सरासरीचा फायदा शून्य. अशा हिशेबाच्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये इनपुटचे परस्परसंबंध भरायचा तक्ता असतो आणि तो रिकामा सोडला की संबंध शून्य धरला जातो.

काही इनपुटमध्ये पसारा इतका मोठा असतो की सरासरीला अर्थच उरत नाही. बोल्ट घ्या. एम १२ चा, ८.८ श्रेणीचा बोल्ट ८० न्यूटन-मीटर टॉर्कने (पिळाने) आवळला. नट गुणांक (घर्षण जास्त तर तो जास्त) ०.२ धरला, कोरड्या पोलादासाठी तो नेहमी धरतात, तर बोल्टमध्ये ताण येतो ३३ किलोन्यूटन. आट्यांवर तेलाचा हात फिरला आणि गुणांक ०.१५ झाला, तर ४४. चांगलं वंगण लागून ०.१२ वर आला, तर ५५ च्या वर, आणि या बोल्टचा प्रूफ लोड, म्हणजे कायमचा न ताणला जाता तो पेलू शकतो तो भार, आहे सुमारे ४९. टॉर्क रेंच तिन्ही वेळा तोच आकडा दाखवून ‘टक्’ वाजतो. कारण टॉर्कचा साधारण नव्वद टक्के भाग घर्षणातच जातो आणि उरलेल्या दहा टक्क्यांतून ताण मिळतो. घर्षण जरा हललं की हा उरलेला भाग दुपटीने बदलू शकतो. मॉडेलमध्ये ‘बोल्टचा ताण: ३३ किलोन्यूटन’ असा एकच आकडा भरणं हे अंदाजपंचे काम आहे.

पसारा भरतानाही एक खड्डा आहे. घर्षणांकाची सरासरी ०.१५, प्रमाण विचलन ०.०५, आणि आकार नेहमीचा घंटेसारखा निवडला, तर दहा हजार नमुन्यांत सुमारे १३ वेळा घर्षणांक ऋण निघतो. सॉल्व्हर, म्हणजे समीकरणं सोडवणारा सॉफ्टवेअरचा भाग, तक्रार न करता त्याचंही उत्तर देईल. अशा राशींना कधीही ऋण न होणारं लॉगनॉर्मल वितरण द्यावं किंवा खालची हद्द बांधून टाकावी.

पट्टीचं सूत्र एका ओळीचं होतं. खऱ्या मॉडेलला सूत्र नसतं, लाखो छोट्या घटकांची मेश, म्हणजे जाळी, असते. मग माँटे कार्लो पद्धत येते: प्रत्येक इनपुट त्याच्या पसाऱ्यातून यादृच्छिक उचलायचं, मॉडेल चालवायचं, उत्तर नोंदवायचं, पुन्हा उचलायचं. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत स्टॅनिस्लॉ उलम, जॉन फॉन नॉयमन आणि निकोलस मेट्रोपोलिस यांनी ती उभी केली. तिची अडचण खर्चाची आहे. चूक निम्मी करायची तर रन, म्हणजे मॉडेलच्या फेऱ्या, चौपट लागतात. दहा हजारांत एक अशी मोडण्याची शक्यता, तीही १० टक्के अचूकतेने हवी असेल तर सुमारे १० लाख रन हवेत. एकेक रन दोन तासांचा असेल तर एका संगणकाला सव्वादोनशे वर्षांहून जास्त लागतील.

यातून दोन वाटा आहेत. एक, मोजके ५०-१०० रन नीट विखुरलेल्या ठिकाणी करायचे, त्यांतून मॉडेलची स्वस्त नक्कल बनवायची आणि लाखो नमुने त्या नकलेवर चालवायचे. रन विखुरण्यासाठी १९७९ साली मांडलेली लॅटिन हायपरक्यूब पद्धत अजून सर्रास वापरतात. नक्कल मधल्या भागात बरी वागते, कडेला फसवते, आणि मोडतोड नेमकी कडेलाच होत असते. म्हणून थोडे रन बाजूला राखून नकलेची परीक्षा घ्यावीच लागते.

दुसरी वाट जुनी आहे. तिच्यामागचं गणित सॅम्युएल विल्क्स यांचं आणि अणुभट्ट्यांच्या सुरक्षा-विश्लेषणात ती रूढ आहे: मॉडेल ५९ वेळा यादृच्छिक इनपुटने चालवा आणि सर्वांत मोठं उत्तर घ्या. खऱ्या उत्तरांपैकी ९५ टक्के त्याच्या खाली असतील, हे ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. ५९ च का? प्रत्येक रन खालच्या ९५ टक्क्यांत पडण्याची शक्यता ०.९५, ५९ च्या ५९ तिथेच पडण्याची शक्यता ०.९५ चा ५९ वा घात, म्हणजे ०.०४८५. ५८ रनला ती ०.०५१ येते, जरा जास्त. इनपुट पाच असोत की पाचशे, आकडा बदलत नाही. पण एखादा रन मध्येच अडकून बंद पडला तर तो टाकून नवा घेता येत नाही. रन बहुधा टोकाच्या इनपुटवरच अडकतात, म्हणजे गाळला जाणारा तोच सगळ्यांत वाईट असू शकतो.

इथवर फक्त इनपुटची गोष्ट झाली. सॉल्व्हरची स्वतःचीही चूक असते. मेशचा चौकोन निम्मा करत एका गोलसर कोपऱ्यातला ताण तीनदा काढला: १८२, १९४, १९७ मेगापास्कल. फरक १२, मग ३, म्हणजे चौथा हिस्सा. याच चालीने मेश अनंत बारीक केली तर उत्तर १९८ ला टेकेल. पॅट्रिक रोश यांनी १९९४ साली मांडलेल्या रीतीने, १.२५ चा सुरक्षा गुणक लावून, १९७ वरची अनिश्चितता ०.६३ टक्के येते. कोपरा गोल न ठेवता आतल्या बाजूने अगदी टोकदार ठेवला, तर ताण प्रत्येक मेशला वाढतच जाईल, कुठेही टेकणार नाही. एकाच मेशवर काढलेला आकडा हे दोन्ही प्रकार सारखेच दाखवतो.

याची किंमत स्लाइप्नर ए या तेल-फलाटाने चुकवली. २३ ऑगस्ट १९९१ रोजी नॉर्वेत स्टावांगरजवळच्या फ्योर्डमध्ये त्याचा काँक्रीटचा पाया हळूहळू बुडवून तपासत असताना एक कप्पा फुटला आणि सगळा पाया तळाशी गेला. जीवितहानी झाली नाही. मोठ्या कप्प्यांच्या सांध्यातल्या त्रिकोणी कप्प्यांच्या भिंतींना जाड, वेडीवाकडी मेश वापरली होती, तिने कर्तन ताण (भिंत आडवी कापू पाहणारा ताण) ४७ टक्के कमी दाखवला. नंतर नीट मेश करून पाहिलं तेव्हा ६२ मीटर खोलीवर भिंत फुटेल असं उत्तर आलं. ती प्रत्यक्षात ६५ मीटरवर फुटली होती.

आणि काही अनिश्चितता तर यादीतच नसतात. लंडनचा मिलेनियम पादचारी पूल १० जून २००० रोजी खुला झाला आणि दोनच दिवसांत बंद करावा लागला. पूल आडवा डोलू लागला की माणसं नकळत त्याच्या लयीत पाय टाकतात आणि तो आणखी डोलतो, हे त्याच्या मॉडेलमध्ये नव्हतं. जे समीकरणातच नाही ते लाख रन करूनही बाहेर येणार नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आता आपल्या पट्टीची प्रत्यक्ष चाचणी. मॉडेल ४० म्हणतं, झुकाव मोजणारा डायल गेज ४३.५ दाखवतो. फरक ३.५ मि.मी. मॉडेल चुकलं का? आपला पसारा ४.८ मि.मी.चा होता, फरक त्यात आरामात मावतो. बरेच अहवाल इथेच ‘मॉडेल जुळलं’ असं लिहून थांबतात. पण तो पसारा वापरातल्या भाराचा होता. चाचणीत भार प्रमाणित वजनांचा आहे आणि जाडी याच पट्टीवर मोजली आहे. उरतो मुख्यतः यंग गुणांक: ४० चे ३ टक्के, १.२ मि.मी. गेजचे ०.५, मेशचे ०.१ धरू. वर्ग, बेरीज, वर्गमूळ: १.३ मि.मी. फरक त्याच्या २.७ पट आहे. मॉडेलमध्ये बहुधा काहीतरी चुकतंय. मघाशी ६ टक्के वाट्याचा म्हणून दुर्लक्षिलेला गुणांक या हिशेबात सगळ्यांत मोठा झाला, हेही पाहा. महत्त्व राशीला चिकटलेलं नसतं, प्रश्न बदलला की तेही बदलतं.

सोपा उपाय हात जोडून उभाच असतो: यंग गुणांक २०० ऐवजी १८४ भरा, उत्तर बरोबर ४३.५. पण १८४ गिगापास्कलचं पोलाद मिळणं कठीण. खरं कारण मुळाशी आहे. मॉडेलमध्ये पट्टीचं टोक ‘पूर्ण स्थिर’ आहे, प्रत्यक्षात बोल्ट आणि चौकट मिळून अवघा ०.२ अंश फिरतात. एक मीटरवर त्याचे ३.५ मि.मी. होतात. आता हीच पट्टी अर्ध्या मीटरवर धरली (तरफ निम्मी, म्हणून बोल्ट-चौकट ०.१ अंशच फिरतील), तर १८४ वालं मॉडेल ५.४४ मि.मी. सांगेल आणि पट्टी ५.८७ झुकेल. एका मापाला बसवलेलं मॉडेल दुसऱ्या मापाला सात टक्क्यांनी कमी पडलं.

दोष पकडायला महागडं काही लागत नाही. दुसरा डायल गेज चौकटीपासून ५० मि.मी.वर लावायचा. टोक खरोखर स्थिर असेल तर तिथे ०.१५ मि.मी. दिसायला हवेत. मूळ ०.२ अंश फिरत असेल तर ०.३२ दिसतील. मोकळ्या टोकाशी नऊ टक्क्यांचा असलेला फरक इथे शंभर टक्क्यांहून मोठा होऊन समोर येतो.